कोण उमदं, कोण उथळ?

या वेळचे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतात: नामवंतांचं वागणं. कुणाला ‘क्लासी’ म्हणायचं, कुणाला नाही, आणि ते ठरवायचं कशावरून?

प्रश्न : अमुक नट क्लासी, तमुक खेळाडू चीप, असं रोज वाचायला मिळतं. तुम्ही एकदाची सरळ यादीच का देत नाही?

उत्तर : यादी करायला बसलं की पहिल्या काही नावांतच अडकायला होतं. पाओलो डि कॅनिओ या इटालियन फुटबॉलपटूचंच घ्या. सप्टेंबर 1998 मध्ये शेफील्ड वेन्सडेकडून आर्सेनलविरुद्ध खेळताना त्याला रेड कार्ड मिळालं. त्याने पंचांना दोन्ही हातांनी ढकललं, पंच मागे तोल जाऊन पडले आणि त्याच्यावर 11 सामन्यांची बंदी आली. आता डिसेंबर 2000. तोच खेळाडू, या वेळी वेस्ट हॅमकडून एव्हर्टनविरुद्ध. 1-1 बरोबरी, सामना संपत आलेला. एव्हर्टनचा गोलरक्षक दुखापत होऊन खाली पडला होता, चेंडू हवेतून थेट डि कॅनिओकडे आला आणि समोर गोल मोकळा होता. त्याने चेंडू चक्क हातांनी झेलला आणि खेळ थांबवला. या कृतीसाठी फिफाने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला. हा माणूस यादीच्या कोणत्या रकान्यात घालायचा?

म्हणून आम्ही माणसाला शिक्का मारत नाही, प्रसंग तपासतो. तपासण्याजोगे प्रसंग तीनच प्रकारचे: हार झाली तेव्हाचा, चूक उघडी पडली तेव्हाचा आणि फुकटचा फायदा समोर आला तेव्हाचा. एरवी मुलाखतीत, पुरस्कार घेताना, चाहत्यांसमोर सगळेच गोड वागतात. ते त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यावरून काही कळत नाही. प्रत्येक प्रसंगात एक प्रश्न विचारायचा: या वागण्याची त्याला स्वतःला काय किंमत पडली? किंमत शून्य असेल तर ते सौजन्य, उमदेपणा नव्हे. आणि एका प्रसंगावर निकाल द्यायचा नाही. वेगवेगळ्या वर्षांतले निदान तीन प्रसंग एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच बोलावं.

या कसोटीला उतरणारं नाव हवंच असेल, तर राहुल द्रविड. त्याचे दोन प्रसंग इथे देतो. 2018 मध्ये 19 वर्षांखालील भारतीय संघाने विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक म्हणून द्रविडला 50 लाख आणि त्याच्या सहायकांना प्रत्येकी 20 लाख जाहीर झाले. हा फरक त्याला पटला नाही, त्याने तसं बोलून दाखवलं आणि शेवटी सगळ्यांना सारखे 25 लाख मिळाले. म्हणजे स्वतःचे 25 लाख गेले, आणि तेही जिंकल्यावर, कुणी मागितलेलं नसताना. त्याच्या आदल्या वर्षी बंगळूर विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही त्याने नम्रपणे नाकारली होती.

प्रश्न : नियमात बसत असेल तर फायदा घेण्यात वाईट काय? खेळाडू जिंकायलाच उतरतो ना?

उत्तर : जिंकायलाच उतरतो, आणि नियमात बसणारा प्रत्येक फायदा वाईटही नसतो. पण फायदा कशातून येतो ते पाहा. कौशल्यातून येत असेल तर तो खेळ आहे. समोरच्याला खेळूच न देण्यातून येत असेल तर तिथे उथळपणा सुरू होतो.

1 फेब्रुवारी 1981, मेलबर्न. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी 6 धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू काखेखालून जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. पंचांना तशी रीतसर कल्पना दिली गेली आणि तेव्हाच्या नियमांत ते बसतही होतं. यष्टिरक्षक रॉड मार्श मान हलवून ‘नको’ सांगत होता. चेंडू घरंगळत आला, ब्रायन मॅकेकनीने तो बॅटने नुसता अडवला आणि चिडून बॅट फेकून दिली. ऑस्ट्रेलिया जिंकली. त्या सामन्याचा विषय आजही निघतो तो त्या चेंडूसाठीच. पुढे नियमही बदलावा लागला.

दुसरं टोक एक वर्ष आधीचं, फेब्रुवारी 1980 मधल्या मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीतलं. भारताच्या 242 धावांना उत्तर देताना इंग्लंड 5 बाद 58. मग बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. बॅटला चेंडू लागलेला नाही याची खात्री पटल्यावर भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने 171 धावांची भागीदारी केली आणि भारत 10 गड्यांनी हरला. विश्वनाथच्या या निर्णयाची किंमत धावफलकावर सरळ वाचता येते, म्हणूनच उमदेपणाचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याच जातीचा प्रसंग 2003 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातला. श्रीलंकेविरुद्ध पंचांनी नाबाद ठरवलेलं असताना ॲडम गिलख्रिस्ट 22 धावांवर स्वतःहून तंबूत चालता झाला. बॅटची कड लागली होती आणि ते त्याला माहीत होतं.

प्रश्न : क्लास म्हणजे शेवटी राहणी आणि पेहरावच नाही का? ऑड्री हेपबर्नला पाहिलं की दुसरा शब्दच सुचत नाही.

उत्तर : पेहरावातून डौल कळतो, अभिरुची कळते. उमदेपणा ही वेगळी गोष्ट आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेपबर्न हिच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं, म्हणून घोटाळा होतो. तिचे कपडे जिव्हांशी या फ्रेंच फॅशन डिझायनरचे होते आणि देखणे होते. पण 1988 मध्ये युनिसेफसाठी इथिओपियाला आणि 1992 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, सोमालियाला ती गेली ती काही कपड्यांसाठी नव्हे.

गल्लत टाळायची असेल तर अमेरिकन गायिका डॉली पार्टनकडे पाहा. केसांचा उंच टोप, चमचमते खडे, लांब नखं, भडक रंग. पेहरावावरून मार्क देणारा तिला नापासच करेल. या बाईने 1995 मध्ये टेनेसीमधल्या आपल्या सेव्हिअर काउंटीत एक योजना सुरू केली: जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दर महिन्याला एक पुस्तक, टपालाने, मोफत. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यातून हे सुचलं. यातला एक बारकावा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पाकिटावर नाव मुलाचं असतं. दोन वर्षांच्या पोराच्या नावाने टपाल येतं! घेणाऱ्याला आपण दान घेतोय असं वाटू नये, याची ही काळजी आहे.

प्रश्न : सेलिब्रिटींची माफी खरी की वकिलाने लिहून दिलेली, हे कसं ओळखावं?

उत्तर : वकिलाने लिहिलेली माफीही खरी असू शकते, त्यामुळे भाषेच्या गुळगुळीतपणावर जाऊ नका. माफीचे सुटे भाग तपासा.

पहिला भाग, कृत्याचं नाव. ‘जे घडलं त्याबद्दल’ म्हणजे काय घडलं? कर्ता कोण? मराठीत तर ‘चूक झाली’ असं म्हणून कर्ता सहज गाळता येतो. ‘मी हे केलं’ असं वाक्य आहे का ते शोधा. दुसरा, ‘जर’. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ यात दोष ऐकणाऱ्याच्या भावनांवर ढकललेला असतो. तिसरा, माफी कुणाची मागितली? चौथा, वेळ: पुरावा बाहेर येण्याआधी की नंतर? पाचवा, परिणाम निमूट स्वीकारले का?

तिसऱ्या भागात गडबड कशी होते ते अभिनेता विल स्मिथच्या बाबतीत दिसलं. 27 मार्च 2022 ला ऑस्करच्या मंचावर त्याने विनोदवीर ख्रिस रॉकला थप्पड मारली. त्याच रात्री पुरस्कार स्वीकारताना त्याने अकादमीची माफी मागितली, सहस्पर्धकांची मागितली. ज्याच्या गालावर हात पडला त्याचं नावच नव्हतं. रॉकचं नाव घेऊन माफी आली ती दुसऱ्या दिवशी, लेखी. ती माफी बरी होती: कृत्याला नाव होतं, ‘जर’ नव्हता. पण सभागृह, कॅमेरे आणि रॉक तिघेही हजर असतानाची वेळ निघून गेली होती. अकादमीने पुढे त्याला 10 वर्षं आपल्या कार्यक्रमांना यायला बंदी केली.

चौथ्या भागासाठी मार्च 2018 मधलं केपटाऊन पाहा. कसोटीत चेंडू कुरतडताना ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बॅनक्रॉफ्ट कॅमेऱ्यात सापडला. त्या दिवशी पत्रकारांसमोर त्याने आणि कर्णधार स्टीव्ह स्मिथने कबुली दिली, पण अर्धीच. हातात चिकटपट्टी होती असं सांगितलं गेलं. तो सँडपेपर होता, हे चार दिवसांत बाहेर आलं. अर्धी कबुली संपूर्ण नाकारण्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण पुढचं प्रत्येक खरं वाक्यही मग तपासून घेतलं जातं. सिडनीला परतल्यावर स्मिथ रडत बोलला आणि कर्णधार म्हणून सगळी जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली. लोकांच्या लक्षात अश्रू राहिले. आमच्या मते वजन दुसऱ्याच गोष्टीला आहे: स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांना 12 महिने, बॅनक्रॉफ्टला 9 महिने बंदी झाली आणि तिघांनीही तिच्याविरुद्ध दाद मागितली नाही. पाचवा भाग पुरा झाला.

सगळे भाग जागच्या जागी असलेली माफी पाहायची असेल तर 2 जून 2010, डेट्रॉइट. बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे 27 च्या 27 फलंदाज ओळीने बाद, एकही बेसवर पोचलेला नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर असे जेमतेम 20 सामने झाले होते. डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अर्मांडो गलारागा याने 26 जण बाद केले होते. सत्ताविसावाही बाद होता, आणि पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिलं. गलारागा नुसता हसला आणि पुढचा चेंडू टाकायला वळला. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली आणि पत्रकारांना सरळ सांगितलं की निर्णय माझा होता, तो चुकला आणि त्या मुलाचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. मग गलारागाला समोरासमोर भेटून त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइस होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागे, पंच म्हणून उभे होते. संघाची यादी पंचांच्या हातात द्यायला डेट्रॉइटने गलारागालाच पाठवलं. जॉइस डोळे पुसत होते; यादी घेतली आणि गलारागाच्या खांद्यावर हलकेच थाप मारली. निकाल मात्र बदलला नाही. नोंदीत तो परफेक्ट गेम आजही नाही.

प्रश्न : गरिबाला मदत करतानाचे सेलिब्रिटींचे व्हिडिओ खरे मानावेत का?

उत्तर : घाईने मानूही नका, घाईने हिणवूही नका. व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहा. करुण संगीत काढलं की पुष्कळ काही उघडं पडतं. कॅमेरा कुठे होता? घटना घडण्याआधीच चौकट बरोबर लागलेली असेल, एकाच क्षणाचे दोन-तीन कोन असतील, तर चित्रीकरण ठरवून केलेलं आहे. पहिल्यांदा कुणी टाकला? अनोळखी वाटसरूने की प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांनी? तारीख पाहा आणि त्याच आठवड्यात काही प्रदर्शित होतंय का ते पाहा. सगळ्यांत महत्त्वाचं, चेहरा कुणाचा दिसतो?

ठरवून केलेलं चित्रीकरण म्हणजे ढोंग, असंही नाही. एप्रिल 1987 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात प्रिन्सेस डायनाने एड्सच्या रुग्णाशी हातमोजा न घालता हस्तांदोलन केलं. छायाचित्रकार मुद्दाम बोलावलेले होते. स्पर्शाने एड्स होतो या भीतीने लोक रुग्णांना टाळत होते, ती भीती मोडायची तर तो हात जगाला दिसणं गरजेचंच होतं. छायाचित्रात डायनाचा चेहरा समोर आहे आणि रुग्णाची पाठ. त्याची ओळख झाकलेली राहिली. गरजू माणसाचा रडवेला चेहरा जवळून दाखवणारा आजचा एखादा व्हिडिओ या छायाचित्राशेजारी ठेवून पाहा.

प्रश्न : भर मंचावर फजिती झाली तर क्लास कसा राखतात?

उत्तर : चटकन आणि थोडक्यात. 26 फेब्रुवारी 2017 च्या ऑस्करला वॉरन बेटी यांच्या हाती चुकून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं जादा पाकीट दिलं गेलं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं. आभाराची भाषणं सुरू झाली होती. चूक कळताच त्याच चित्रपटाचे निर्माते जॉर्डन हॉरोविट्झ माइकशी आले, ‘मूनलाइट’ जिंकल्याचं सांगितलं, हे खरंच आहे असं बजावलं आणि खरं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. कार्ड धरण्याची ती कृती सगळ्यांत नेमकी होती, कारण तोवर सभागृहाला हा विनोद वाटत होता.

2009 च्या एमटीव्ही पुरस्कारांत रॅपर कान्ये वेस्टने गायिका टेलर स्विफ्टच्या हातातून माइक घेऊन तिचं भाषण तोडलं, तेही दुसरी गायिका बियॉन्से हिची बाजू घेत. त्याच रात्री बियॉन्सेला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा तिने स्विफ्टला मंचावर बोलावलं आणि स्वतःच्या भाषणाची वेळ तिला दिली. वेस्टबद्दल ती तिथे एक अक्षरही बोलली नाही.

प्रश्न : आवडत्या कलाकाराने सेल्फीला नकार दिला. तो उर्मट समजावा का?

उत्तर : नाही. नकार कसा दिला ते पाहा. मान वर करून, नजरेला नजर देऊन ‘आत्ता नको’ म्हटलं असेल तर ते पुरेसं आहे. अंगरक्षकाने ढकललं आणि त्याने बघूनही न बघितल्यासारखं केलं, तर तो उर्मटपणा. विचारतानाही थोडं पाहावं: तो जेवत असेल, सोबत लहान मूल असेल, रुग्णालयात किंवा अंत्ययात्रेत असेल, तर विचारूच नये. एरवी फोन खिशातच ठेवून आधी विचारावं, होकार आल्यावर बाहेर काढावा. फोन आधीच रोखलेला असेल तर समोरच्याला नकार द्यायला जागाच उरत नाही.