कॉम्प्युटरवर सेव्ह केलेली वर्ड फाइल सापडत नाही, ती नेमकी कुठे गेली हे कसं कळेल?

फाइल सेव्ह केली हे नक्की आठवतंय, पण डेस्कटॉपवरही नाही आणि डॉक्युमेंट्समध्येही नाही, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज १० किंवा ११ धरून सांगतो.

लगेच सर्च करत बसू नका. ज्या प्रोग्रॅमने फाइल सेव्ह केली, त्यालाच आधी विचारा. वर्ड उघडा, फाइल, ओपन, रिसेंट असं जा. यादीत फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरांत फोल्डरचा पत्ता असतो. तो अर्धवट दिसला तर फाइल उघडून एफ १२ दाबा. सेव्ह अ‍ॅजची खिडकी सहसा त्याच फोल्डरवर उघडते. पत्ता बघा आणि कॅन्सल करा.

बहुतेकदा पत्त्यात मध्येच 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणूक) निघतं. त्याचा बॅकअप चालू असला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. मग सी ड्राइव्हमध्ये यूझर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप असं शोधत गेलात तर तिथे काहीच नसतं. पत्त्यात 'कंटेंट डॉट आउटलुक' दिसलं तर मात्र घाई करा. मेलमधली अटॅचमेंट थेट उघडून तुम्ही तिच्यातच बदल केलेत. ते तात्पुरतं, लपवलेलं फोल्डर आहे, कधीही साफ होऊ शकतं. लगेच एफ १२ दाबून फाइल दुसरीकडे ठेवा.

ब्राउझरमधून उतरवलेली फाइल असेल तर कंट्रोल आणि जे दाबा, यादीत 'शो इन फोल्डर'चं बटण किंवा फोल्डरचं चिन्ह असतं.

एवढं करूनही नाही मिळाली, तर मग सर्च. विंडोज आणि ई दाबून धिस पीसी निवडा. नाव आठवत नसेल तर सर्चच्या चौकटीत इंग्रजीत स्टार, डॉट, डी-ओ-सी-एक्स असं जागा न सोडता टाइप करा. व्ह्यूमध्ये डीटेल्स घेऊन 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक केलं की सगळ्यात ताजी फाइल वर येते. डी ड्राइव्हवर हे रखडतं, कारण विंडोज मुळात ठरावीक फोल्डरांचंच इंडेक्स (शोधासाठी आधीच केलेली यादी) ठेवतं. सेटिंग्जमधल्या सर्चच्या भागात 'क्लासिक'ऐवजी 'एन्हान्स्ड' केलं तर सगळे ड्राइव्ह त्यात येतात, पण पहिल्यांदा बराच वेळ जातो. फक्त नावावरून शोधायचं असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर यापेक्षा कितीतरी वेगवान आहे.

मराठी मजकुरातला शब्द टाकून शोधत असाल, तर फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते बघा. जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर (जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला, उदाहरणार्थ) आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणूनच साठलेला असतो. पडद्यावर 'ठराव' दिसतं, पण 'ठराव' शोधून ती फाइल मिळणार नाही. तिथे नाव किंवा तारीख हाच मार्ग.

सापडली की विंडोज ११ मध्ये फाइल निवडून कंट्रोल, शिफ्ट, सी दाबा. पूर्ण पत्ता कॉपी होतो. विंडोज १० वर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की 'कॉपी अ‍ॅज पाथ' येतं.