स्ट्रॅटेजी गेममध्ये १९२९ ची महामंदी खरी वाटेल अशी कशी आणावी?
ठरल्या तारखेला सगळ्यांचं उत्पादन घटवणारा इव्हेंट टाकू नका, प्लीज! कारखाने तर जागेवरच होते, आटला होता पैसा. १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. म्हणून भाव, कर्ज आणि बँका एकमेकांत गुंतवा: भाव पडतात, हप्ता मात्र तेवढाच राहतो, शेतकरी थकतो, बँक बुडते, ठेवी जातात, खरेदी थांबते, भाव आणखी पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका इतका मातीमोल झाला की लोक कोळशाऐवजी तोच जाळायचे.

सुवर्णमान, म्हणजे चलनाचं मूल्य सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडायचा की नाही, हा निर्णय खेळाडूकडेच हवा. ब्रिटनने तो सप्टेंबर १९३१ मध्ये सोडला आणि लवकर सावरला. फ्रान्स १९३६ पर्यंत चिकटून बसला आणि रखडला.