शोता आरवेलाद्झे: शेवटच्या दिवसापर्यंत ताणलेली कारकीर्द

तुम्ही विचारलंत, आजचा फुटबॉलस्टार ख्विचा क्वारात्सखेलियाच्या आधी जॉर्जियात मोठा फॉरवर्ड होता का, आणि असेल तर त्याची कारकीर्द कशी गेली. माझं उत्तर ठाम आहे: शोता आरवेलाद्झे.

जन्म 1973, तिबिलिसी. जुळा भाऊ आर्चिल आणि थोरला रेवाझ, दोघेही आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. दिनामो तिबिलिसी क्लबात शोता मोठा होत होता तेव्हा सोव्हिएत संघ कोसळला आणि शहरात यादवी पेटली. तो 1993 मध्ये काळ्या समुद्राच्या काठाने शेजारच्या तुर्कस्तानात, ट्राब्झोनला गेला. तिथे 1995-96 च्या हंगामात 25 गोल करून तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पण त्याच हंगामात त्याचा क्लब ट्राब्झोनस्पोर घरच्या मैदानावर प्रतिस्पर्धी फेनरबाचेकडून 2-1 हरला आणि जेतेपद हातचं गेलं. त्या शहरातले जुने चाहते हा पराभव अजून विसरलेले नाहीत.

मग नेदरलँड्सचा आयाक्स क्लब. पहिल्याच वर्षी, 1998 मध्ये, लीग आणि चषक दोन्ही जिंकले. पण मला त्याचा ग्लासगोतला काळ जास्त मोलाचा वाटतो. 2001 मध्ये तो तिथल्या रेंजर्स क्लबात आला. 2002-03 च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी रेंजर्स आणि त्याच शहरातला प्रतिस्पर्धी सेल्टिक गुणांत बरोबरीत होते, गोलफरकातही (केलेले गोल वजा खाल्लेले गोल). सेल्टिकने किल्मार्नॉकला 4-0 हरवलं. इकडे रेंजर्सविरुद्ध डनफर्मलिनने सुरुवातीलाच 1-1 अशी बरोबरी साधल्यावर रेंजर्सचे चाहते हबकले होते. सहकारी कानिजियाने आघाडी परत मिळवून दिली, शोताने तिसरा गोल मारला, आणि सामना 6-1 वर संपला. रेंजर्सचा गोलफरक 73, सेल्टिकचा 72. त्या सहा गोलांतला एकही कमी महत्त्वाचा म्हणता येणार नाही, आणि त्यातला एक शोताचा होता. त्या वर्षी रेंजर्सने तिन्ही देशांतर्गत करंडक जिंकले.

चार वर्षांनी फासे उलटे पडले. प्रशिक्षक लुई व्हान हालच्या एझेड आल्कमार या डच क्लबात तो असताना, 2006-07 च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी संघ अव्वल होता. एक्सेल्सियरकडून 3-2 हरला आणि थेट तिसरा आला. पुढे स्पेनमध्ये लेव्हान्तेकडून खेळून 2008 मध्ये तो निवृत्त झाला.

देशासाठी 61 सामने, 26 गोल. हे आकडे मोठ्या देशाच्या स्ट्रायकरशी ताडून पाहू नका. जॉर्जियाला स्वतःच्या नावाने स्पर्धा खेळायला मिळाली तीच नव्वदच्या दशकात, आणि वाट्याला बहुतेकदा तगडेच गट आले. तरी 1994 मध्ये तिबिलिसीत वेल्सला 5-0 झोडपलं, त्यात पाचवा गोल याचाच. किनक्लाद्झे, केत्सबाया, शोता अशी पिढी असूनही एकाही मोठ्या स्पर्धेची पात्रता मिळाली नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. तो दिवस 2024 च्या युरो चषकापर्यंत लांबला.

प्रशिक्षक म्हणूनही त्याने नाव कमावलं. व्हान हालचा सहायक असताना 2009 मध्ये एझेडने डच लीग जिंकली, तर ताश्कंदच्या पाख्ताकोरला त्याने स्वतः उझबेकिस्तानचं जेतेपद मिळवून दिलं. 2022 मध्ये काही महिने तो इंग्लंडच्या हल सिटीतही होता.

एकच सामना पाहायचा असेल तर 25 मे 2003 चा डनफर्मलिनविरुद्धचा शोधा, आणि चेंडू त्याच्याकडे नसतानाही नजर त्याच्यावरच ठेवा.