वाचक विचारतात: सुरीसाठी कच्च्या चामड्याचं म्यान

प्रश्न: ट्रेकला न्यायच्या सुरीला कच्च्या चामड्याचं म्यान घरीच शिवायचं आहे. पातं 12 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद, 4 मिमी जाड. चामडं कोणतं घ्यावं, किती, आणि शिवायचं कसं? – वाचक, कोथरूड

उत्तर: कच्चं चामडं म्हणजे केस नि मांस काढून, न कमावता ताणून वाळवलेलं कातडं. भिजलं की ते हवं तसं वळतं आणि वाळताना आकसून लाकडासारखं कडक होतं. म्यानाला घट्टपणा येतो तो या आकसण्यामुळेच, आणि बहुतेक म्यानं बिघडतात तीही त्यामुळेच.

ढोल-तबला मढवणाऱ्यांकडे चौकशी करा. शेळीचं कातडं मात्र घेऊ नका, म्यानाला ते पातळ पडतं. म्हशीचं, दीड ते दोन मिमी जाडीचं हवं. नाहीच मिळालं, तर कुत्र्यांना चघळायला देतात ते गाठ मारलेलं मोठं चामडी हाड आणा. रात्रभर भिजवून गाठ सोडली की सपाट तुकडा हाती येतो. चुरा दाबून केलेलं हाड मात्र भिजलं की विरतं.

पात्याची पाठ घडीत आणि धार शिलाईकडे येणार. दोन्ही बाजू, जाडी आणि शिलाईची दीड-दीड सेंमी जागा मिळून रुंदी साडेनऊ सेंमीच्या आसपास होते. लांबी 17 सेंमी, त्यात मुठीचे 3 सेंमी आत जातात. आकसणं आणि छाटणी धरून 11 बाय 19 सेंमीचा तुकडा घ्या.

थंड पाण्यात सहा ते आठ तास भिजवा. घाईपोटी कढत पाणी वापरलं तर चामडं गोळा होऊन चिकट सरस सुटतो, तो तुकडा गेलाच समजा. उन्हाळ्यात पाणी एकदा बदला, नाहीतर वास मारतं.

साच्यासाठी खरी सुरी वापरू नका. प्लायवुडची नक्कल करा, पात्यापेक्षा जाडीला 1 मिमी जास्त. तिला प्लॅस्टिक गुंडाळा. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये कमावलेल्या चामड्याची 3 मिमी जाड, 8 मिमी रुंद पट्टी घाला. ही पट्टी नसेल तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते आणि म्यान एक दिवस उसवतं.

भोकं कडेपासून 5 मिमी आत, 5-5 मिमीवर पाडा. आरीनं नुसती चीर पाडली तर चामडं आकसताना ती फाटत जाते, म्हणून दीड-दोन मिमीचा गोल पंच वापरा. पुण्यात बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांतून तो मिळेल. शिलाई ओलेपणीच, मेणदोऱ्यानं, दोन सुयांच्या टाक्यानं करा, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून त्या प्रत्येक भोकातून समोरासमोरून काढा. शिलाईच्या पाचपट दोरा घ्या. टोकाशी 3 मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं.

वाळवणं सावलीत, दोन-तीन दिवस. उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि म्यान वाकडं होतं. दर चार-पाच तासांनी नक्कल थोडी बाहेर ओढून परत बसवा. पूर्ण वाळल्यावर कडा छाटून कानसीनं घासा.

प्रश्न: म्यान सुरीवरच शिवून उन्हात वाळवलं. आता सुरी निघत नाही. – वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: ओढाताण करू नका. सुटली तर ती एकदम सुटेल आणि हात कापेल. म्यानाला ओलं फडकं गुंडाळून दोन-तीन तास ठेवा, मूठ कोरडी राहू द्या. म्यान मऊ झालं की मूठ धरून सरळ रेषेत, हळूहळू काढा. दुसरा हात म्यानाच्या घडीच्या बाजूला धरा, शिलाईकडे नको. पातं लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. म्यानात नक्कल घालून पुन्हा सावलीत वाळवा.

प्रश्न: पावसाळ्यात म्यान मऊ पडतं, बुरशी येते. – वाचक, हडपसर

उत्तर: न कमावलेलं चामडं दमट हवेतला ओलावा ओढणारच. बुरशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून म्यान पूर्ण कोरडं करा. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे तीन पातळ हात बाहेरून द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. शिलाईवर आणि तोंडाच्या कडेवर जास्त लक्ष द्या, पाणी तिथूनच शिरतं. त्यावर मधमाश्यांचं मेण चोळा. आत काही लावू नका. जून ते सप्टेंबर सुरी म्यानात ठेवू नका. पातं साध्या पोलादाचं असेल, तर आतला ओलावा त्याला गंज चढवतो.