पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही, मग अवकाशातला त्याचा आकार कसा कळला?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी काही महिने हे क्षेत्र मोजणाऱ्या यानांच्या नोंदी चाळत होतो, म्हणून उत्तर देतोय.

हा आकार कुणी फोटोत टिपलेला नाही. यान जिथे असेल तिथल्याच क्षेत्राची ताकद आणि दिशा त्याला मोजता येते. त्यासाठीचा मॅग्नेटोमीटर लांब दांड्याच्या टोकाला बसवतात, नाहीतर यानाचं स्वतःचंच चुंबकत्व मोजमापात घुसतं. आणि मोजायचं असतं ते फारच थोडं. विषुववृत्ताजवळ जमिनीवर सुमारे ३०,००० नॅनोटेस्ला (हे क्षेत्राच्या ताकदीचं एकक). पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दहापट झालं की क्षेत्र हजारपटीने घटतं, म्हणजे तिथे ३० उरायला हवेत. सूर्याच्या बाजूला मात्र साधारण ६० सापडतात, कारण सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा भारित कणांचा झोत, क्षेत्राला आत दाबतो.

इथेच कुठेतरी क्षेत्राची हद्द असते, मॅग्नेटोपॉज. आलेखावर ती मजेशीर दिसते. रेघ ६०च्या आसपास निवांत चाललेली असते आणि एकदम थयथयाट सुरू. यान बाहेर पडलं! मग काही मिनिटांत रेघ पुन्हा शांत, की परत थयथयाट. यान आपल्या वाटेने पुढेच जात असतं. सौरवाऱ्याचा जोर बदलला की हद्दच त्याच्यावरून मागेपुढे होते.

खरी गोची ही. यान एकटं असेल तर हद्द किती वेगाने सरकली ते कळत नाही, म्हणून ती किती जाड आहे तेही कळत नाही. यावर उपाय म्हणून युरोपने २००० साली क्लस्टर मोहिमेची चार यानं चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) चार कोपऱ्यांवर असावीत तशी फिरवली. (आधीची चार १९९६ मध्ये एरियान-५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत खाक झाली होती.) हद्द कुठल्या यानाला आधी लागली, कुठल्याला नंतर, यावरून तिची दिशा आणि वेग निघतो, वेगावरून जाडी. नासाच्या एमएमएस या चार यानांच्या मोहिमेने २०१५ नंतर हीच युक्ती यानांमधलं अंतर दहा किलोमीटरच्याही आत आणून वापरली.

तुम्ही पुस्तकात पाहिलेलं नेटकं चित्र म्हणजे अशा असंख्य फेऱ्यांची सरासरी.

क्षेत्राची शेपटी मात्र क्लस्टरच्या कितीतरी आधी सापडली. १९६३ मध्ये सुटलेल्या आयएमपी-१ या यानाला रात्रीच्या बाजूच्या क्षेत्ररेषा सूर्यापासून दूर लांबच लांब ओढलेल्या आढळल्या. ही शेपटी चंद्राच्या कक्षेपलीकडे जाते, आणि दर पौर्णिमेच्या सुमारास चंद्र काही दिवस तिच्यातूनच जातो.