खणातला लिफाफा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"ताई, मी एका मोठ्या कंपनीत जबाबदारीच्या पदावर आहे आणि आमच्या मंडळीचा (चर्चचा) वडील, म्हणजे जबाबदार पुढारी, म्हणूनही सेवा करतो. पदामुळे ओळखी पुष्कळ झाल्या, पण कोणासाठीही शब्द टाकायचा नाही, हा नियम मी आयुष्यभर पाळला आहे. वशिला ही जगाची रीत आहे, आणि पक्षपात हे पाप आहे असे याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. चार महिन्यांपूर्वी मंडळीतला एक तरुण माझ्याकडे आला. सहा वर्षे तो माझ्या संडे स्कूलच्या वर्गात होता. आईच्या आजारपणात त्याची दोन वर्षे घरातच गेली आणि त्या खंडामुळे आता त्याला कोणी मुलाखतीलाही बोलावत नाही. त्याने जिथे अर्ज केला आहे तिथले संचालक माझे जुने स्नेही आहेत. मी त्याला सांगितले की मी प्रार्थना करीन. त्याने दिलेला कागदांचा लिफाफा माझ्या टेबलाच्या खणात आहे, उघडण्याचा प्रसंग आला नाही. दर रविवारी तो नमस्कार करतो, विषय काढत नाही. पत्नीला माझे वागणे कठोर वाटते. शिवाय उद्या त्याचे काम बरे निघाले नाही, तर माझ्या नावाचे काय? ख्रिस्ती माणसाने आपले वजन दुसऱ्यासाठी खर्च करावे का, एवढेच सांगा."

प्रिय बंधू,

तुमचे मूळ पत्र बरेच मोठे आहे आणि त्यातला बहुतेक भाग तत्त्वांविषयी आहे. लिफाफ्याच्या वाट्याला तुम्ही एकच वाक्य दिले आहे, तेही जाता जाता. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबले आणि पुढचे सगळे पत्र मी त्या खणाकडे पाहतच वाचले.

तुमची समजूत अशी आहे की तुम्ही त्या मुलाला नकार दिलात, आणि तो नकार तत्त्वाला धरून होता की नाही, एवढेच तुम्हाला माझ्याकडून हवे आहे. बंधू, तुम्ही नकार दिलेलाच नाही. नकार देणारा माणूस लिफाफा परत करतो. "हे माझ्याच्याने होणार नाही, तू दुसरीकडे पाहा," असे तोंडावर सांगतो, आणि समोरच्याला वाईट वाटले तरी त्याचा रस्ता मोकळा होतो. तुम्ही लिफाफा हातात घेतलात, खण उघडलात, तो आत ठेवलात आणि खण लावून टाकलात. त्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले. तो घरी गेला तो "काकांनी कागद ठेवून घेतले" हे वाक्य घेऊन, आणि आजारातून उठलेल्या आईलाही त्याने तेच सांगितले असेल. तो विषय काढत नाही, यावरून त्याने तुमची अडचण समजून घेतली असे तुम्हाला वाटते. मला वाटते की तो वाट पाहतो आहे, आणि पुन्हा विचारणे म्हणजे भीड घालणे होईल, या संकोचाने गप्प आहे.

म्हणजे आपले वजन वापरायचे की नाही, हा तुमचा प्रश्न उरलेलाच नाही. गेले चार महिने तुम्ही ते वापरत आहात, आणि ते ज्या एका माणसावर पडते आहे तो माणूस तोच आहे. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडे त्याने कागद दिले असते, तर महिन्याभरात त्याने विचारले असते. तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही त्याचे शिक्षक आहात आणि मंडळीचे वडील आहात.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला प्यालेबरदारांचा नायक, म्हणजे मिसरच्या फारो राजाला प्याला देणाऱ्या सेवकांचा प्रमुख, तुम्ही त्या वर्गात मुलांना नक्कीच शिकवला असेल. तुरुंगात योसेफाने त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि मोबदल्यात एकच गोष्ट मागितली, की तुझे बरे होईल तेव्हा माझी आठवण ठेव आणि फारोपाशी माझ्याविषयी बोल. तीन दिवसांत त्या माणसाचे बरे झाले. तो योसेफाला नाही म्हणाला, असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. तो विसरला, एवढेच लिहिले आहे, आणि पुढच्या अध्यायाची सुरुवात "पूर्ण दोन वर्षे झाल्यावर" अशी होते. त्या काळात त्याच्या हातून काही वाईट घडल्याचेही शास्त्र सांगत नाही. त्याला फक्त एक वाक्य बोलायचे होते, आणि एक निरपराध माणूस तुरुंगात दिवस मोजत होता.

हे मी वरून उपदेश म्हणून लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज माझ्याकडे दिला होता; तो नीट करून योग्य त्या माणसाकडे पोचवायचा होता. मी तो एका वहीत ठेवला आणि कामात बुडाले. वही पुन्हा उघडली तेव्हा मुदत टळून गेली होती. रेघा आखलेला कागद, शाई पुसट झालेली एक घडी आणि सहीच्या खाली तिने पुन्हा एकदा, जास्त सुवाच्य लिहिलेले आपले नाव, हे सगळे मला आजही दिसते. ती भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही प्रयत्न केलात, तुमचे उपकार आहेत." मी त्यावर काहीही बोलले नाही. त्या न बोलण्याची मला अजून लाज वाटते. तुमच्या हातात अजून वेळ आहे, म्हणून मी तुमच्याशी इतक्या अधीरतेने बोलते आहे.

तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करता, याबद्दल मला शंका नाही. पण चार महिने ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याचे कागद तुम्ही वाचलेले नाहीत, मग देवापाशी मागता काय? त्याचे शिक्षण कुठपर्यंत झाले, त्याने नेमक्या कोणत्या जागेसाठी अर्ज केला, शेवटची तारीख कोणती, यातले काही तुम्हाला ठाऊक नाही. उघड्यानागड्या, उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो," असे म्हणून वाटेला लावणाऱ्याविषयी याकोबाने जे लिहिले आहे, ते तुम्ही आधार म्हणून घेतलेल्या त्याच दुसऱ्या अध्यायात आहे, थोड्याच ओळी पुढे.

आणि तो पक्षपाताचा उतारा तरी कोणाविषयी आहे? सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा द्यायची आणि मळकट कपड्यांतल्या गरिबाला "तू तिकडे उभा राहा" म्हणायचे, याला याकोब पक्षपात म्हणतो. ज्याला कोणी आत घेत नाही त्याच्यासाठी दार ठोठावण्याला त्याने पक्षपात म्हटलेले नाही. दोन वर्षांच्या खंडामुळे ज्याचा अर्ज कोणी वाचतही नाही, तो तुमचा तरुण या चित्रात कुठे उभा आहे, हे तुम्हीच पाहा. वशिल्याची तुम्हाला चीड आहे आणि ती योग्य आहे. लायक माणसाला डावलून आपला माणूस बसवणे हे पापच आहे. पण ज्याला डावलले जात आहे त्याचे म्हणणे ऐकले जावे म्हणून बोलणे ही साक्ष आहे, आणि साक्ष द्यायला तुमच्याइतका योग्य माणूस त्या मुलाला दुसरा मिळणार नाही, कारण सहा वर्षे तुम्ही त्याला पाहिले आहे.

तुमचे खरे कारण मला शेवटून दुसऱ्या वाक्यात सापडले. त्याचे काम बरे निघाले नाही, तर माझ्या नावाचे काय? ही भीती मला समजते, पण तिच्यावर तत्त्वाची चादर घालू नका. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र आज रात्री पुन्हा वाचा; अवघी 25 वचने आहेत. पौल स्वतः बंदिवासात आहे, आणि अनेसिम या दासासाठी त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडेच, शब्द टाकतो आहे. आज्ञा करण्याचा अधिकार आहे हे तो जाणतो, तरी प्रीतीने विनंती करतो. पुढे तो म्हणतो की याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा काही देणे असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल हे स्वहस्ते लिहीत आहे, मी ते फेडीन. नाव पणाला लावणे म्हणतात ते हेच. दुसऱ्यासाठी बोलताना आपल्या नावाला काहीच धोका नसावा, अशी सोय पौलाने मागितली नाही. तुमचे नाव ज्या प्रभूच्या कृपेने इतके मोठे झाले, त्याच्यासाठी ते थोडे झिजले तर बिघडेल काय?

आता काय करायचे ते सांगते. आज रात्री तो लिफाफा उघडा. पत्नीला शेजारी बसवून उघडलात तर अधिक चांगले. कागद वाचून झाले की आधी त्या मुलाला फोन करा, संचालकांना नंतर. "चार महिने मी तुझा लिफाफा उघडला नाही, माझे चुकले," हे याच शब्दांत सांगा. कामाचा व्याप, प्रवास, तब्येत यांतले काहीही पुढे करू नका. त्या जागेचे काय झाले आणि अजून मी बोलावे असे तुला वाटते का, हे त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांना फोन लावा.

बोलताना स्तुती करू नका. जे पाहिले ते सांगा. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजेच या पौलाला, शिष्य भीत होते आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, तेव्हा बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि वाटेत त्याला प्रभू कसा भेटला, दिमिष्कात (दमास्कसमध्ये) तो कसा निर्भयपणे बोलला, एवढेच त्याने सांगितले. तुम्हीही सांगा की मी या मुलाला सहा वर्षे ओळखतो, तो वर्गात कसा होता, मधली दोन वर्षे त्याने आईच्या उशाशी काढली, आणि त्याच्या कामाची पारख मला नाही, ती तुम्ही करा. मुलाखतीला बोलावण्यापलीकडे काही मागू नका. "तो योग्य वाटला नाही, तर माझी भीड न धरता नाही म्हणा," हे वाक्य मात्र विसरू नका, कारण त्याच्यामुळे तुमची विनंती विनंतीच राहते. तुमच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला असा फोन केलात, तर कितीही मऊ शब्द वापरलेत तरी तो हुकूम होईल. तिथे तुमचा जुना नियम जसाच्या तसा पाळा.

मुलाशी वागतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवा. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत टाकले होते, तेव्हा राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा, कूश देशातला एक सेवक वेशीत बसलेल्या राजापुढे गेला आणि त्याच्यासाठी बोलला. राजाने 30 माणसे दिली. काम तिथेच झाले होते, पण हा माणूस भांडाराच्या खालच्या खोलीतून जुन्या चिंध्या आणि विरलेली वस्त्रे गोळा करून घेऊन गेला, ती त्याने दोरांनी खाली सोडली आणि दोर काचू नयेत म्हणून त्या काखेत धरायला यिर्मयाला सांगितले. माणसाला वर ओढताना त्याला दोर कुठे काचतील, याचा विचार त्याने केला. तुमच्या मुलाला उपकाराचा दोर काचेल. म्हणून मंडळीत कोणापाशी याची वाच्यता करू नका, आणि नोकरी लागली तर त्याच्याकडून जास्तीच्या सेवेची अपेक्षा धरू नका.

एक गोष्ट राहिली, आणि तिनेच मला हे उत्तर तातडीने लिहायला लावले. तुम्ही लिफाफा उघडलेला नाही, त्यामुळे आत प्रती आहेत की मूळ प्रमाणपत्रे, हेही तुम्हाला माहीत नाही. मुले विश्वासाच्या माणसाकडे मूळ कागदही देऊन टाकतात. तसे असेल, तर चार महिने तो दुसरीकडे कुठेही जाऊ शकलेला नाही. आत मूळ कागद निघाले, तर रविवारची वाट पाहू नका. कितीही वाजले असले तरी स्वतः जाऊन त्याच्या हातात द्या.

तुमची,
ताई