इकोस्पोर्टसाठी वायरलेस अडॅप्टर: ‘मॉड्युल गेलंय’ ऐकून लगेच पार्ट मागवू नका

तुमची पोस्ट वाचली: फोर्ड इकोस्पोर्ट ऑटो एसीवाली, एसीतून मध्येच गरम हवा येते, स्वस्तातल्या ब्लूटूथ अडॅप्टरवर (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून फोनवर माहिती दाखवणारं यंत्र) इंजिनचं सगळं दिसतं पण एसीचं मॉड्युल (एसी चालवणारा छोटा कॉम्प्युटर) उत्तर देत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो नवं मॉड्युल टाका. वाचताना वाटलं, माझंच कोणीतरी लिहून ठेवलंय. म्हणून आधी हेच सांगतो: पार्टची ऑर्डर आज देऊ नका.

फोर्डच्या या गाड्यांत डायग्नोस्टिक सॉकेटवर मॉड्युलांच्या बोलण्याच्या दोन वेगळ्या लाइन येतात. इंजिन, एबीएस वगैरे एचएस-कॅनवर, म्हणजे ६ आणि १४ नंबरच्या पिनवर, ५०० केबीपीएस वेगाने. एसी, ऑडिओ अशी मंडळी एमएस-कॅनवर, ३ आणि ११ नंबरच्या पिनवर, १२५ केबीपीएसने. साध्या अडॅप्टरमध्ये ३ आणि ११ च्या पिना जोडलेल्याच नसतात. मग त्या मॉड्युलचं उत्तर येणार कुठून? स्क्रीनवर मात्र दिसतं ‘नो रिस्पॉन्स’, आणि त्याचा अर्थ लावला जातो ‘मॉड्युल मेलं’.

मला याचा फटका एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये बसला. नाव घेत नाही. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केल्यापासून आपल्याला पर्याय कमीच, त्यामुळे विश्वासाने गेलो होतो. त्यांनी मोबाइलवरच स्कॅन केलं आणि एसीचं कंट्रोल मॉड्युल बदलायला लावलं. स्कॅनचा रिपोर्ट मागितला तर ‘तो कस्टमरला देत नाही’. सगळे कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसून गाडी हातात दिली. दोन दिवसांत पुन्हा गरम हवा. परत गेलो तर ‘इलेक्ट्रिकल पार्ट परत होत नाही’ हे बिलावरचं वाक्य बोट ठेवून दाखवलं. पुढे एका मित्राने एमएस-कॅनवाला अडॅप्टर लावून बघितलं. वर्कशॉपने काढलेलं जुनं मॉड्युल त्याने आधी गाडीला परत जोडलं. ते व्यवस्थित बोलत होतं, आणि त्यात कोड होता थंड-गरम हवा वळवणाऱ्या फ्लॅपच्या मोटरचा! डॅशबोर्डखालची ती छोटीशी मोटर बदलली आणि प्रश्न मिटला. पार्ट चुकला याचं मला इतकं दुःख नाही, चुकू शकतो. पण ज्याचे पैसे मी दिले तो रिपोर्ट मला न दाखवणं, याचा राग अजून जात नाही. रिपोर्ट मिळाला असता तर कुठल्याही जाणकाराने विचारलं असतं की दुसरी लाइन तपासली का.

आता अडॅप्टर. माझं मत स्पष्ट आहे: फोर्डसाठी एचएस-कॅन आणि एमएस-कॅन या लाइन आपोआप बदलणारा आणि फोरस्कॅनबरोबर (फोर्डच्या गाड्या तपासायचं अ‍ॅप) चालणारा घ्या. वायरलेसमध्ये ओबीडीलिंक एमएक्स प्लस महाग, पण भरवशाचा. व्हीलिंकर एफडी प्लस त्यापेक्षा परवडतो. बारीक बटण सरकवून लाइन बदलायचे अडॅप्टरही मिळतात, चालतात, पण वापरताना बटण कुठल्या बाजूला आहे हे विसरलात की पुन्हा तोच घोळ. बाकी कंपन्यांच्या गाडीसाठी हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही.

डब्यावर ‘ईएलएम ३२७ व्ही १.५’ (अडॅप्टरमधल्या चिपचं नाव आणि आवृत्ती) छापलं असेल तर तो नकली समजा. मूळ कॅनेडियन कंपनीने १.४ नंतर २.० काढलं, १.५ कधी काढलंच नाही, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. व्ही २.१ छापलेलेही बहुतेक नकलीच. असे अडॅप्टर बऱ्याच कमांड पाळत नाहीत आणि लांब उत्तर आलं की अर्धं गाळतात. इंजिनचा कोड वाचायला चालतील कदाचित, पण त्यांच्या भरवशावर हजारोंचा निर्णय घेऊ नका.

आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारा ब्लूटूथचा प्रकार) आहे का ते विचारूनच घ्या. साध्या क्लासिक ब्लूटूथचे बहुतेक अडॅप्टर आयफोनला जोडत नाहीत. एलईवाला अडॅप्टर फोनच्या सेटिंगमधून जोडायला जाऊ नका, अ‍ॅपमधूनच शोधा. वायफायवाले मला आवडत नाहीत: फोनचं इंटरनेट अडतं आणि बऱ्याचदा पासवर्डही नसतो.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायम ठेवू नका. १६ नंबरच्या पिनवर बॅटरी थेट असते, गाडी आठवडाभर उभी राहिली तर त्रास होऊ शकतो. आणि कोडिंग किंवा मॉड्युल प्रोग्रॅमिंग (मॉड्युलच्या सेटिंग किंवा सॉफ्टवेअर बदलणं) वायरलेसवर अजिबात करू नका. त्याला लॅपटॉप, यूएसबी केबल आणि बॅटरीला चार्जर. मी मेकॅनिक नाही, वॉरंटी असेल तर आधी विचारून घ्या.

सध्या एवढंच करा: योग्य अडॅप्टर मिळाला की काहीही न पुसता दोन्ही लाइनचं पूर्ण स्कॅन घ्या. इंजिनचा कोड असेल तर त्याबरोबरचा फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणाची इंजिनची नोंद) सेव्ह करा, कारण कोड पुसला की तोही जातो. स्कॅन इथे टाका, फ्लॅपच्या मोटरचा कोड आहे का ते मी बघतो.